आधी नागली

मोबाइल भातखाचरात पडला. आईने तो सुकायला नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, डब्यात खुपसून ठेवला. फोन सुरू झाला, पण चार्ज होईना. मी मायक्रोइलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला होतो. खोडाळ्याच्या बाजारातल्या दुरुस्तीवाल्याला मी ऐटीत सांगितलं, "चार्जिंगची आयसी गेलीय."

त्याने फोन कानाशी धरून हलवला, चार्जिंगच्या भोकात सुई घातली आणि नागलीचे तीन दाणे काढून दारातल्या कोंबडीपुढे टाकले. कोंबडी तयारच होती.

"शिकलेली माणसं आधी आयसी बघतात, दादा. मी आधी नागली बघतो."

पुढे नोकरीच्या मुलाखतीत तिघा साहेबांपैकी एकाने विचारलं, "फोन चार्ज होत नाही. आधी काय तपासाल?"

चार वर्षांचा अभ्यास बाजूला राहिला आणि तोंडातून निघालं, "नागली."

तिघांनीही गंभीरपणे मान डोलावून तो शब्द लिहून घेतला.