सातव्या डब्याखालचं हिरवं कापड

कारखान्यात त्यांना सगळे नंबरकाका म्हणत. एकतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं: रायफलीवर पंच ठेवायचा, हातोडीचा ठोका द्यायचा आणि आकडा उमटवायचा. आकडा तिरका आला तर माल बाद. म्हणून हात बसावा यासाठी ते रोज सकाळी आधी एखाद्या सदोष डब्यावर चार ठोके मारून बघत. डबा म्हणजे नळी आणि दस्ता यांच्यामधला पोलादी भाग, ज्यात चाप बसतो. सरावाचे हे डबे भंगारात जात. त्यातले सात काकांनी गेटवरच्या वहीत रीतसर नोंदवून घरी आणले होते. एक दार आपटू नये म्हणून दाराला, एक काकूंच्या शिवणाच्या कागदांवर, चार माळ्यावर, कारण काकांच्या हातून काही टाकवत नसे. सातवा त्यांनी साडूला भेट दिला.

साडू परवाना खात्यात तांत्रिक अधिकारी. टेबलावर ओरखडे पडू नयेत म्हणून त्याने डब्याखाली हिरवं कापड चिकटवलं आणि नऊ वर्षं त्याखाली सरकारी कागद ठेवले. कागद दाबून ठेवण्यात त्याचा हातखंडा होताच, आता त्याला अवजारही मिळालं.

मग खात्यापुढे पेच आला. रायफल सुटी केली, तर तिच्यातला कोणता भाग कायद्याने रायफल? आठ जण आठ भाग घेऊन आठ रस्त्यांनी गेले, तर धरायचं कोणाला? समितीच्या तीन बैठका झाल्या. एक पक्ष म्हणे, गोळी नळीतून जाते, तेव्हा नळीच. दुसरा म्हणे, नुसती नळी म्हणजे पाइप. मग उद्या प्लंबरलाही आत टाका. चौथ्या बैठकीआधीच्या रविवारी साडू काकांकडे चहाला आला.

"साडभाऊ, नंबर तुम्ही डब्यावरच का हो मारता?"

"जागा सपाट आहे. नळी गोल, तिच्यावर पंच घसरतो."

"एवढंच?"

"आणि नळी झिजते, दस्ता तडकतो, ते बदलता येतं. डबा गेला की रायफल गेली."

"वा! आमच्या तीन तज्ज्ञांना हे सुचलं नाही."

"ह्यांना असलं काही सांगू नका हो भाऊजी," काकू आतून म्हणाल्या, "आठवडाभर घरात कोणाचं ऐकायचे नाहीत."

काका महिनाभर हवेत होते. सरकार आपल्याला विचारून कायदा करतं, हे त्यांनी न्हाव्यालासुद्धा सांगितलं.

नियम ठरला: ज्या भागात चाप बसतो आणि ज्यावर नंबर असतो, तो भाग म्हणजे रायफल, मग तो सदोष असो की अर्धवट. तो लागू होण्याच्या आदल्या दिवशी साडू वर्तमानपत्रात काहीतरी गुंडाळून घेऊन आला.

"टेबल बदललं हो. काचेचं आहे, याचं वजन सोसायचं नाही. तुमची वस्तू तुमच्याकडेच बरी."

भेट परत आल्याचं काकांना वाईट वाटलं. तरी त्यांनी दोनदा चहा पाजला.

पाचव्या दिवशी तपासनीस आले. गेटवरच्या वहीत सात डबे होते, काकांच्याच टपोऱ्या अक्षरात. घरातही सातच मिळाले. तपासनिसांनी लिहिलं: विनापरवाना रायफली, नग सात. दाराला लावलेली रायफल जप्त करताना दार त्यांच्याच पाठीवर आपटलं.

असा ठपका एकदा बसला की त्या माणसाने पुन्हा शस्त्राला हात लावायचा नाही. काकांच्या निवृत्तीला पाच महिने होते. कारखान्याचा एक लाखावा नंबर दोन महिन्यांवर आला होता, आणि तो त्यांनीच मारायचा हे ठरलेलं होतं.

चौकशीला तीन खुर्च्या. तिसऱ्या खुर्चीत, तांत्रिक सदस्य म्हणून, साडू.

चौकशी अधिकाऱ्याने सातवा डबा उलटा केला. "हे हिरवं कापड कशाला?"

"टेबलावर ओरखडे पडू नयेत म्हणून," काका म्हणाले.

"कोणाच्या टेबलावर?"

खात्याच्याच अधिकाऱ्याने नऊ वर्षं या रायफलीने कागद दाबले, एवढं कळलं असतं तर प्रकरण तिथेच हसण्यावारी गेलं असतं. काकांनी साडूकडे पाहिलं. साडूने चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"साहेब," तो म्हणाला, "नियमानुसार कापड हा रायफलीचा भाग नाही. पुढे चलावं."

सगळे हसले. साडूच्या विनोदाला हसायची काकांना वीस वर्षांची सवय, तेही हसले. मग म्हणाले, "लिहा. माझ्याच."

आता ते भांडारात हातमोजे वाटतात. एक लाखावा नंबर दुसऱ्याने मारला. काका तो बघायला गेले नाहीत. त्यांना आत सोडलंही नसतं.

निकालाच्या दिवशी काकूंनी बहिणीचा फोन दोनदा वाजू दिला आणि तिसऱ्यांदा बंद करून ठेवला.

"तुम्हाला तोंड नव्हतं?"

"त्यालाही होतं," काका म्हणाले. "मी वाट बघत होतो."

वाऱ्याने दार आपटलं. काकूंनी उठून तिथे वीट ठेवली.