केरबाचा ब्रह्मचारी मेंढा

केरबाला कुस्तीचा नाद भारी. कुस्ती तेवढी येत नव्हती. उमेदीत एकदाच आखाड्यात उतरला, आणि समोरच्या गड्याला शिंक आली तेवढा वेळच उभा राहिला, असं कुरुंदवाडात अजून सांगतात. पुढं ती हौस त्यानं मेंढरांवर भागवली. मेंढरं त्याच्या बापाची, गुंडूची. काळीभोर, कपाळावर पांढरा टिळा. नदीकाठच्या कुठल्याही कळपात टिळा दिसला की लोक म्हणायचे, "गुंडूचं बी हाय ह्ये." बापानं जाताना लेकाच्या हवाली केलं ते एवढंच.

त्या वाणाचं एक दांडगं नर कोकरू जन्मलं, तेव्हा केरबानं लगेच नाव ठेवलं, वस्ताद.

तालमीतल्या सयाजीनं ते बघितलं. "केरबा, हाडाचा पैलवान हाय की! पर नुसत्या मक्यावर किती फुगणार? आमची पोरं घेत्यात ती ताकदीची सुई दे. पाडव्याला लोकं तोंडात बोटं घालतील."

"जनावराला चालती?"

"माणसाला चालती, मग जनावराला काय धाड भरलीया?"

एवढ्या थोर शास्त्रावर सुया सुरू झाल्या. कोकराचे दुधाचे दातही पडले नव्हते. गुण मात्र आला. मान ओंडक्यासारखी, छाती पायलीसारखी. केरबाही दोन्ही हात अंगापासून लांब धरून चालायला लागला, जणू सुया त्यालाच टोचल्या होत्या. त्या तोऱ्यात त्यानं म्हातारा मेंढा विकला आणि बाकीचे नर खच्ची करून टाकले. आता कळपाला बाप एकच.

दिवाळी पाडव्याला मेंढरं रंगवून, बुजवून उड्या मारायला लावतात. सगळ्यांची मेंढरं उधळली. वस्ताद आपल्या वजनानं जागच्या जागी उभा. तरी वाहवा त्याचीच झाली.

पुढं मेंढ्या विण्याचे दिवस आले आणि गेले. गोठ्यात एकही कोकरू बँ करेना. केरबानं कपाळाला आठ्या घालून निकाल दिला, "मेंढ्याच वांझ निघाल्यात."

चूल फुंकणाऱ्या त्याच्या बायकोची, चिमणाबाईची, फुंकणी थांबली. हा शब्द तिच्या ओळखीचा होता. मूल झालं नाही म्हणून सासूनं तिला याच नावानं हिणवलं होतं. लग्नानंतर मिरजेच्या डॉक्टरनं दोघांनाही तपासायला बोलावलं, तेव्हा केरबा "माझ्यासारख्या गड्याला काय झालंय?" म्हणत जिना उतरून गेला होता. तपासणी तिची एकटीची झाली. तिच्यात काही निघालं नाही, आणि ते कुणी ऐकलंही नाही.

"अवं, मेंढीचंच कसं म्हंता?" तिनं विचारलं.

"तुला काय कळतंय त्यातलं?"

केरबानं चार मेंढ्या खाटकाला दिल्या. त्यात चंद्री होती. चिमणाबाईनं बाटलीनं दूध पाजून जगवलेली, हाक मारली की चुलीपर्यंत येणारी.

गावाला तर आयतंच मिळालं. चहाच्या गाड्यावर ज्ञानूनं हाक दिली, "केरबा, तुजा वस्ताद ब्रह्मचारी हाय काय रं? खरा पैलवान म्हणायचा!" गाडा हसून हसून लोळला. केरबा त्या रागातच जनावरांच्या दवाखान्यातल्या अदितीबाईंना घेऊन आला, मेंढ्यांचा दोष चारचौघांत सिद्ध करायला.

बाईंनी मेंढ्या तपासल्या. मग वस्तादाच्या मागच्या पायांत हात घालून चाचपलं. "काका, याला लहानपणी काही टोचलंत?"

केरबा वस्तादाच्या खुरांकडं बघत राहिला.

"याची अंडी पेरूएवढी हवीत, सुपारीएवढी राहिलीत. बाहेरून ताकद घातली की अंग वाढतं, आणि आतलं काम बंद पडतं. त्यात हा कोवळा होता. सुया बंद करा. कदाचित सुधारेल. सुधारेलच असं नाही. मेंढ्या चांगल्या आहेत."

चिमणाबाई दाराशी उभी होती. ती एवढंच म्हणाली, "चंद्री मिळंल का वं परत?"

केरबा उठून पळतच खाटकाकडं गेला. खाटीक म्हणाला, "पावणं, तवाच कापली की."

येताना चहाच्या गाड्यावर ज्ञानू होताच. "काय म्हंतोय ब्रह्मचारी?"

केरबा थांबला. "मेंढ्यांत दोष न्हवता. मीच वस्तादाला सुया टोचल्या. आन् आमच्या घरात दोष कुणाचा, ते बघाय मी कवा गेलोच न्हाय."

हसायला कुणी पुढं आलं नाही, ज्ञानूसुद्धा.

कुरुंदवाडात बातमीला एसटी लागत नाही. केरबा घरी पोचायच्या आधीच ती पोचली होती. चिमणाबाईनं ताट वाढलं, आणि मक्याची पाटी घेऊन ती गोठ्यात गेली. वस्तादाची जाड मान खाजवत म्हणाली, "खा बाबा. तुजा काय दोष त्यात?"

भिंतीच्या अलीकडं केरबा हातातला घास तसाच धरून बसला. आपल्यासाठीही ती एखादा शब्द बोलेल म्हणून त्यानं बराच वेळ कान दिला. गोठ्यातून फक्त मका चघळल्याचा आवाज येत होता.