पाहुण्यांचे सहा रुपये

एकोणीसशे साठच्या आगेमागे मी बेंगळूरच्या एका गोल्फ क्लबात असिस्टंट सेक्रेटरी होतो. बाहेरून खेळायला येणाऱ्याकडून किती पैसे घ्यावेत, हे मला जेवढं कळत होतं तेवढं तिथं कुणालाच कळत नव्हतं. फुशारकी म्हणा हवी तर! तोवर दर ठरायचा तो तोंड बघून. कमिटीतल्या कुणाचा भाचा आला की फुकट, सरकारी कारखान्यातला इंजिनिअर आला की दुप्पट. रविवारी ही झुंबड, आणि मंगळवारी मैदानावर नुसत्या साळुंक्या.

मी कमिटीपुढं सरळ मांडलं: रविवारी सहा रुपये, मधल्या वारी तीन, आणि कुणाचा कोणी का असेना, सूट नाही. एक म्हातारे कानडी कर्नल म्हणाले, "स्वल्प इकडं तिकडं तरी?" मी म्हटलं, "नाही साहेब. एकाला सोडलं की दुसरा रांगेत उभाच." शेवटी "सरी", म्हणजे बरं, म्हणाले, पण वर दमही दिला, "तूच कुणाला सोडलंस तर दरही गेला आणि तूही."

पहिल्याच रविवारी दारात कोण? बेळगावचे निवृत्त मेजर. त्यांच्या मुलीशी माझं जवळजवळ ठरलं होतं, बोलणी तेवढी राहिली होती. मुलगी मी पाहिली होती, आणि खरं सांगतो, दुसरी कुठली मला नकोच होती. मेजर खांद्यावर पिशवी टाकून थेट मैदानाकडं निघाले. व्हरांड्यात कर्नल बसलेले. पेपर तोंडापुढं, लक्ष माझ्यावर.

मी आडवा गेलो. दिवसभर इंग्रजी बोलणारा माणूस मी. डोक्यात 'व्हिजिटर' होतं, घाईत त्याचं मराठी केलं आणि बोलून बसलो, "मामा, पाहुण्यांचे सहा रुपये होतात."

अरे देवा! आमच्या बेळगावाकडं पाहुणे म्हणजे सोयरे. लग्नाआधीच मी सोयऱ्यांकडं पैसे मागितले होते. मेजरांचा चेहरा लालबुंद झाला. "पाहुण्यांचे?" त्यांनी एवढंच विचारलं. मी "होय" म्हटलं. शब्द चुकला होता, दर चुकला नव्हता. त्यांनी नोटा टेबलावर आपटल्या आणि गेले.

ते खेळून येईपर्यंत मी सोयरीक मोडली असंच धरून चाललो होतो. पण पैसे परत करावेत असं एकदाही वाटलं नाही, हेही तितकंच खरं.

ते घामाघूम होऊन आले आणि बाकावर बसले. आईनं सकाळी थर्मासमध्ये भरून दिलेला चहा मी कपात ओतून त्यांच्यापुढं धरला.

"ह्याचा काय दर?"

"मामा, हा क्लबचा नाही. माझ्या घरचा आहे."

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. चहा बशीत ओतून सावकाश प्याले, मिशी पुसली आणि उठले.

"आई घरी आहेत ना? चला, आजच बोलून टाकू."