ओला कचरा शालिनी देते

आमच्या घरी कचरा सून देते आणि सासू बघत बसते. कॉलनीत माझं नाव त्यावरूनच झालंय.

शालिनीला स्नायूंचा आजार आहे. पाय हळूहळू वाळत चाललेत. तुकोगंजातल्या दवाखान्यात व्यायामाला जायची, तो लॉकडाऊनमध्ये बंद पडला. डॉक्टर फोनवर म्हणाले, "दमायचं नाही, पण बसूनही राहायचं नाही. उठणं एकदा सुटलं की परत येणं कठीण."

आणि आमच्याकडची माया अशी, की आजारी माणसाला पाण्याचा पेलासुद्धा उचलू द्यायचा नाही. माझा सुजय घरूनच ऑफिस करायचा. ती जरा हलली की म्हणायचा, "तू बैस, मी आणतो." बसून बसून तिला खुर्चीतून उठायला माझा हात लागायला लागला. माझा, म्हणजे बघा. मलाच काठी लागते.

सगळं इंदूर बंद, पण कचरागाडी रोज यायची. कोपऱ्यावर तिचं गाणं वाजलं तशी एके सकाळी शालिनी म्हणाली, "आई, आजपासून कचरा मी देणार."

"टरबुजाची सालं आहेत, जड होईल," सुजय म्हणाला.

"मग टरबूज कमी खा."

ती अंगणात पोचेपर्यंत गाडी पुढच्या गल्लीत गेली. दुसऱ्या दिवशी सुजयनं मायेनं बादली नेऊन दिली. शालिनी त्याच्याशी संध्याकाळपर्यंत बोलली नाही.

मग मी बादली अर्धीच भरायला लागले. बाकीची सालं कुंड्यांत. वाटेत टेकायला एक स्टूल ठेवलं. गाडीवरचा लक्ष्मण म्हणाला, "अम्माजी, भाभी को क्यों तकलीफ? मैं अंदर से ले लेता हूँ."

"नको रे भिया. तू फक्त दोन मिनिट रुक."

तो थांबायचा. समोरच्या फाटकातून मास्कआडून आवाज आला, "आजारी सुनेला कचरा उचलायला लावते बाई." मला ऐकू कमी येतं, पण असलं बरोबर येतं.

सुजय म्हणाला, "आई, लोक नावं ठेवतात. राहू दे ना."

शालिनीनं माझ्याकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी मी खुर्ची फाटकाशीच मांडली आणि सगळ्यांना दिसेल अशी चहा पीत बसले. ठेवा म्हटलं नावं.

पावसाळ्यापर्यंत तिचं उठताना माझा हात धरणं सुटलं. पाय काही भरले नाहीत, भरणारही नाहीत. आता वॉकर आलाय. बादली त्यालाच अडकवते आणि गाडीचं गाणं लागायच्या आधीच निघते. समोरची अजून माझ्याकडे तशीच बघते. मी कप उचलून तिला विचारते, "चहा घेता का?"