आप्पांचा शंख

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्याला मी तोंडावर हसायचो. हायस्कुलात सायन्स शिकवणाऱ्या माणसाने दुसरं करायचं तरी काय! त्यामुळे हे वाचून तुम्ही हसलात तर माझी तक्रार नाही...

गोष्ट १९३५च्या आसपासची, सोलापूरची. आम्ही गुरव. पेठेतल्या महादेवाची पूजा आणि संध्याकाळच्या आरतीला शंख वाजवायचं काम माझ्या वडिलांकडे – आप्पांकडे – होतं. त्यांना खोकल्यातून रक्त पडू लागलं तेव्हा सगळ्यांनी क्षय ठरवून टाकला. आईने त्यांचं ताट वेगळं काढलं. देवळाच्या पंचांनी शंख काढून घेतला. क्षयरोग्याच्या तोंडचा शंख देवापुढे कसा चालणार? आरतीची घंटा ऐकू आली की आप्पा भिंतीकडे तोंड करून बसायचे.

शेवटी मी त्यांना सात रस्त्याजवळच्या एका डॉक्टरांकडे नेलं. एक्स-रे काढला. डॉक्टरांनी मला एकट्यालाच आत बोलावलं.

"मास्तर, हा क्षय नाही. फुप्फुसाचा कॅन्सर आहे, आणि फार पुढे गेलाय. डावं फुप्फुस तर बंदच पडलंय. आता औषध नाही."

घरी येऊन मी आईला हे जसंच्या तसं सांगितलं. पण कॅन्सर हा शब्द तिने जन्मात ऐकलेला नव्हता. गल्लीत कुणालाच न झालेल्या रोगाला ती काय म्हणून भिणार?

"क्षय न्हाय म्हनले न्हवं डाक्टर? मग झालं तर!"

तिने आप्पांचं ताट परत आमच्या ताटांत मिसळलं आणि गल्लीभर पेढे वाटले. मरणाचे पेढे! तिचं तोंड बघून मीही एक खाल्ला.

पंचही पेढा खाऊन म्हणाले, "क्षय न्हाय तर आता वाजवा की शंख, आप्पा."

त्या संध्याकाळी मी त्यांच्या शेजारीच उभा होतो. देवळापर्यंत चालूनच त्यांना धाप लागली होती. त्यांनी शंख ओठांना लावला... आणि असा आवाज निघाला की घंटा वाजवणाऱ्याचा हात थांबला. लोक खूश! पण मी जवळून बघत होतो. आप्पांचे गाल फुगलेच नव्हते. छाती मात्र आत आत चालली होती. त्यांनी शंख खाली घेतला, तरी आवाज चालूच होता.

परतताना त्यांनी माझा दंड घट्ट धरला.

"म्या फुकत न्हाय रं. त्यो वडतोय."

"काय ओढतोय, आप्पा?"

"दम. आतनं वडून घेतोय. मला परत नेऊ नगंस."

मी आईला विनवलं, पंचांच्या पाया पडलो. ऐकतंय कोण? आवाज रोज चढत होता, म्हणजे माणूस सुधारतोय, अशी सगळ्यांची समजूत. दोघं जण आप्पांना धरून न्यायचे आणि वाजवून झालं की उचलून आणायचे. डॉक्टरांना विचारलं तर ते माझ्यावरच चिडले. "अहो, या माणसाला फुंकरीने पणती विझवता येणार नाही, शंख कसला वाजवतोय!"

मग आप्पांना उठवेना. तेव्हा आई शंख घरी घेऊन आली. आप्पांनी मान फिरवली. बोलता येत नव्हतं, नुसते माझ्याकडे बघत होते. मी आईचं मनगट धरलं.

"सोड! बाप बरा व्हायला नगं का तुला?"

बाळाला दूध पाजावं तशी तिने मायेने त्यांची हनुवटी धरली, आणि शंख ओठांना टेकवला.

इतका मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता. शेजारीपाजारी दारात जमले. आईने डोळे मिटून हात जोडले. शंख घरंगळून अंथरुणावर पडला, तरी आवाज थांबेना. आप्पांची नजर माझ्यावरच होती. त्या आवाजात ते नेमके केव्हा गेले ते मला कळलं नाही. मी त्यांचा हात धरून ढसाढसा रडत होतो आणि माझं रडणं मलाच ऐकू येत नव्हतं.

पुढे तो शंख मी उलटासुलटा करून तपासला, दुसऱ्यांकडून वाजवून घेतला. साधा शंख आहे. हे काय होतं, ते मला आजही सांगता येत नाही, आणि सांगता आलं तरी काय उपयोग? त्या दिवशी आवाज थांबल्यावर आईने डोळे उघडले आणि दारातल्या लोकांकडे वळून ती हसत म्हणाली, "ऐकलंत न्हवं? आता चार दिसांत हिंडाय लागतील बगा."