मामांचा खटका

गाठीवर डूख धरून बसलेला माणूस अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात एकच, आणि ते माझे मामेसासरे. सासूबाईंचे हे भाऊ आमच्याच घरी राहतात. वरातीला घोडी देणं हा त्यांचा धंदा. "बांधता कुणालाबी येतंय, बिथरल्यावर सोडता आलं पायजे," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. पाहुण्यांकडे गेले की चहाच्या आधी गोठ्यात शिरायचे आणि त्यांच्या म्हशीची गाठ सोडून एका हिसक्यात सुटेल अशी बांधायचे. एका म्हशीनं तो हिसका स्वतःच शिकून घेतला आणि शेजाऱ्याचा हरभरा फस्त केला. एका लग्नात तर त्यांनी नवरा-नवरीच्या शेल्याची गाठच ओढून बघितली. "लई घट्ट हाय ही," म्हणाले. नवरीची आई म्हणाली, "सुटू नये म्हणूनच मारलीय, घोडेवाले."

घोडीच्या दाव्याला लावायचे खटके, म्हणजे नळी ओढताच सुटणाऱ्या लोखंडी कड्या, ते सोलापुरातून आणत. दिसायला सगळेच चकचकीत, पण दावं ताणलं की बरेचसे अडकून बसतात, असं त्यांचं म्हणणं. म्हणून नवा खटका घोडीला लावण्याआधी ते स्वतःला लावत. कमरेला पट्टा, पट्ट्याला खटका, खटक्याला दावं, वर लिंबाची फांदी आणि मामा अधांतरी. खटका सोडायला मी. नवी सून, डोक्यावर पदर, लाजेनं हात उचलत नसे. एक खटका असाच अडकला. मी ओढतेय आणि मामा जागच्या जागी गोल फिरतायत. सासूबाई चुलीपासून म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे त्याला वरच, भाकरी झाल्यावर उतरवू." मामा मात्र खुशीत. "बघ सूनबाई, हा नापास. घोडी असती तर फास बसला असता." पुढं एक पास झाला. त्याची नळी खाली ओढताच मामा धपकन शेणात. हसतच उठले. "आता रोज तूच सोडायचा. हाताला सवय पायजे."

दोन-तीन वर्षांनी माझी मुलगी नुकती पळायला लागली होती. एका दुपारी घोडी लिंबाला बांधलेली आणि ही तिच्या मागं भिंतीशी मातीत खेळत बसलेली. रस्त्यानं कारखान्याकडं चाललेल्या उसाच्या ट्रॉलीचं टायर आमच्या दारातच फुटलं. घोडी बिथरली. दावं तारेसारखं ताणून मागचे पाय भिंतीवर झाडू लागली, आणि त्या पायांशी माझी पोर. मी लिंबाकडं धावले. हात आपोआप खटक्यावर गेला. खट् झालं आणि घोडी ढोकीच्या रस्त्यानं उधळली.

मामा धावत आले. घोडीचं नावही न घेता त्यांनी मुलीला डोक्यापासून पायापर्यंत चाचपलं, मग तिथंच मातीत बसले. तिथूनच विचारलं, "ताण असताना सुटला व्हय गं?"

"सुटला, मामा." त्यांच्याशी मान वर करून बोललेलं माझं ते पहिलंच वाक्य.

मुलगी आता कॉलेजला जाते. मामा बाजेवर पडून असतात, बोटांत जोर नाही. घोडी गेल्या दिवाळीच्या आधीच गेली. तिला पुरताना ते काठी टेकत शेवटपर्यंत उभे होते. तरी दिवेलागणीला त्यांची नजर लिंबाकडं जाते. मी उठते आणि रिकाम्या दाव्याचा खटका ओढते. खट् वाजलं की मामा कूस बदलतात आणि डोळे मिटतात.