ओटीवरचा चांगदेव

ठमाबाई मोकलच्या घरात माणसं भरपूर होती, पण जिती एकटी ठमाबाईच.

नागावच्या पुढं खाडीच्या तोंडाशी पाणखार गाव आहे. रस्त्याला लागून ठमाबाईची ओटी, मागं नारळाची वाडी, वाडीत पाहुण्यांसाठी बांधलेल्या खोल्या. रस्त्यानं जाताना दिसायचं ते असं: ओटीवर एक म्हातारी मांडीत सूप घेऊन तांदूळ निवडतेय, झोपाळ्यावर एक पोरगी रिबिनी बांधून बसलीय, दारात हळदीचं लुगडं नेसलेली नवरी उभी आहे. सगळ्या हाडामासाच्या माणसाएवढ्या, आणि सगळ्या बाहुल्या. एसटीची वेळ विचारायला कुणी परका थांबला तर म्हातारीलाच विचारायचा. उत्तर मिळालं नाही की म्हणायचा, आजी बहिरी दिसते.

गावचं माणूस तेवढं ओटीशी कधी थांबायचं नाही, कारण ठमाबाई वाळीत होती.

झालं असं होतं की पंचायतीच्या निवडणुकीला गावकीनं एक नाव ठरवलं आणि ठमाबाईनं त्याच्यासमोर अर्ज भरला. गावकीचा मुख्य पंच चांगदेव मोकल, तिचा चुलत दीर. देवळात नारळ ठेवून त्यानं गावाला सांगितलं, "आजपासून धर्माच्या घराशी बोलणं न्हाय, पाणी न्हाय, पायरी न्हाय." कायद्यानं असल्या गोष्टीला बंदी आहे, म्हणून कागदावर काही नाही. पोलीस आले तेव्हा चांगदेव हात जोडून म्हणाला, "साहेब, आम्ही कुठं काय केलं? आमचं बोलणं होत न्हाय एवढंच. सख्ख्या भावाभावांत होत न्हाय."

त्याच साली धर्मा, म्हणजे ठमाबाईचा नवरा, छातीत कळ येऊन गेला. सकाळपासून ऊन डोक्यावर येईपर्यंत मयत ओटीवर पडून होतं. दारं किलकिली करून सगळा गाव बघत होता, खांदा द्यायला कुणी आलं नाही. शेवटी अलिबागच्या नाक्यावरची परकी मजूर माणसं टेम्पोत बसवून आणावी लागली. त्यातल्या एकानं वाटेत विचारलं, "मावशी, नाव काय होतं बाबांचं?" नवऱ्याला उचलणाऱ्याला त्याचं नाव सांगावं लागलं, हे ठमाबाईच्या काळजात माशाच्या काट्यासारखं अडकलं ते अडकलंच.

तिच्या मागच्या खोलीत हेतल नावाची मुंबईची एक बाई भाड्यानं राहायला आली. माणसं घडवायची ती. आत तारेचा सांगाडा, वरून रबरासारखी मऊ कातडी, काचेचे डोळे, आणि डोक्यावर खरे केस, सुईनं एकेक टोचलेले. साच्यातून काढताना एका म्हातारीचा कान फाटला आणि गिऱ्हाईक नको म्हणालं. ठमाबाई म्हणाली, "मला दे. ओटीवर कुनीतरी बसंल."

तिथून नाद लागला. खोलीचं भाडं घ्यायच्या ऐवजी ती बाहुल्या घ्यायला लागली. बघायला नजर मोठी कडक. एक गोरी देखणी बाई हेतलनं पुढं केली तर ठमाबाईनं तिचे तळवे उलटून पाहिले आणि परत केली. "ही नको. हिनं कवा घमेलं उचललंय?" मग हेतलनं तिच्यासमोर बसून नवरीच्या हातांना घट्टे पाडले. खाऱ्या वाऱ्यानं बाहुल्यांची कातडी चिकट व्हायची, धूळ बसायची. ठमाबाई साबणाच्या पाण्यानं त्यांना पुसायची, ब्रशानं पावडर लावायची. उंदीर केस कुरतडायचे म्हणून त्यांच्या पदरात डांबराच्या गोळ्या बांधायची. गावाला वाटलं, बाई एकलेपणानं येडी झाली. तशी ती झाली नव्हती. परकी माणसं म्हातारीला बहिरी म्हणत तेव्हा ती आत बसून मोजमाप घेत होती, माणसाचा डोळा किती लांबून फसतो याचं.

एक दिवस ती हेतलला म्हणाली, "एक पुरुष पायजे. मोठे दीर हायेत आमचे."

"फोटो आहे, मावशी?"

"नाक्यावर टांगलाय."

चांगदेवच्या वाढदिवसाचा बॅनर होता नाक्यावर, घराच्या भिंतीएवढा. कानाजवळचा तीळ, भुवईतला पांढरा केस, सगळं त्यात साफ. एक पाय मांडीखाली घेऊन, गुडघ्यावर हात टाकून बसायची त्याची ढब ठमाबाईनं स्वतः बसून दाखवली. बाहुली तयार झाली तेव्हा तिनं चहूकडून फिरून पाहिली. "खांदे पाड जरा," ती म्हणाली. "हा कधी कुनाचं वझं न्यायला आला न्हाय."

चांगदेव गावातला मोठा माणूस, पण खारबांधाची उघाडी, म्हणजे बांधातली पाण्याची झडप, स्वतःच्याच हातानं लावायचा. भरती चढायच्या आधी फळ्या बसवल्या नाहीत तर खारं पाणी शेतात शिरतं, आणि त्या कामात त्याला दुसऱ्या कुणाचा भरवसा नव्हता. एकटाच जायचा. भरतीची वेळ रोज पुढं सरकते. ठमाबाई मिठागरवाल्याची पोर, तिला भरती घड्याळात बघावी लागत नव्हती. चांगदेव उघाडीवर गेला की ती ओटीवरचा चांगदेव बाहेर काढायची, रस्त्याला अर्धी पाठ करून बसवायची, समोर कपात चहा ओतायची आणि गप्पा मारायची. पाणी चढलं की त्याला आत न्यायची. कधी उजवा पाय खाली, कधी डावा.

ओटीवर चांगदेव बसलेला बघून गावातला विनेश पहिल्यांदा थबकला. ही बातमी त्यानं रतनला सांगितली, रतन बघायला आला. दोघं रस्त्याच्या पलीकडच्या कडेला उभे.

"बाहुलीच असंल," रतन म्हणाला. "बाईकडं ढीग हायेत."

"काल डाव्या पायावर बसला होता. आज उजव्या."

"मग जवळ जाऊन बघ."

"मी जाऊ? आनि उद्या देवळात माझं नाव तूच घेशील."

"मग हाक मार."

"तिच्या घरात हाक मारायची? ते तरी चालतंय का?"

तेवढ्यात ओटीवरून ठमाबाईचं हसू आलं, आणि पाठोपाठ, "भावजी, तुम्ही पन काय."

दोघं खाली मान घालून निघून गेले. चार दिवसांत सगळा गाव त्या कडेनं जायला लागला.

विनेशच्या पोटात जुनं दुखणं होतं. त्याची म्हैस एकदा दावं तोडून ठमाबाईच्या अंगणात शिरली होती. तिला हाकलायला तो आत गेला, तर चांगदेवनं त्याला सगळ्या गावासमोर देवळाच्या पायरीवर नाक घासायला लावलं. म्हैस होती म्हणून गेलो, असं विनेश सांगत राहिला. चांगदेव म्हणाला होता, "पाय पडला तो पडला."

गावकी बसली. चांगदेव नेहमीच्या जागी, विनेश समोर.

"तात्या, तुम्ही धर्माच्या ओटीवर बसताय असं गाव म्हणतंय."

"बाहुली हाय ती."

"तुम्ही बघितली?"

"न बघता कळत न्हाय व्हय?"

"आम्ही बघून कळत न्हाय, तुम्हाला न बघता कसं कळलं? आनि जवळून बघितली असंल, तर पाय पडला."

त्या वेळेला तुम्ही कुठं असता, असं कुणी विचारलं. उघाडीवर, चांगदेव म्हणाला. सोबत कोण? सोबत कुणी नव्हतं.

"उद्या धरून आनतो ती बाहुली तुमच्यासमोर," तो तावातावानं उठला. "मग बोला."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळा गाव रस्त्याच्या पलीकडं उभा राहिला. चांगदेव अंगणात शिरला, पायरी चढला आणि ओटीवर उभा राहिला. सूप घेतलेली म्हातारी होती, झोपाळ्यावरची पोरगी होती, दारात नवरी होती. खुर्ची तेवढी रिकामी. खुर्चीपुढं कपातून वाफ निघत होती.

ठमाबाई दारातून पुढं झाली. साऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आज उशीर केलात, भावजी. बसा, च्या निवतोय."

"कुठं ठेवलीस ती?"

"कोन?"

तो आत घुसायला निघाला, उंबऱ्याशी नवरी आडवी. तिला ढकलणार तेवढ्यात त्याला रस्त्यावरचे सगळे डोळे पाठीवर जाणवले. तो वळला. पलीकडून विनेश शांतपणे म्हणाला, "पाय पडला तो पडला, तात्या."

चांगदेवची बाहुली माजघरात, बाजेखाली, ठमाबाईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेली होती.

देवळात पुन्हा नारळ ठेवला गेला. गणपतीत आरतीची मंडळी चांगदेवचं घर टाळून पुढं गेली. एकटा तोच झांजा घेऊन उभा. त्याच्या सुनेला पिठाच्या गिरणीत कुणी ओ देईना. कणग्यातले तांदूळ दळायला ती बोर्लीला माहेरी न्यायला लागली.

गौरी गेल्यावर एका संध्याकाळी चांगदेव ठमाबाईच्या कुंपणाशी येऊन उभा राहिला. दाढी वाढलेली.

"वहिनी, एकदा दाखव त्यांना ती बाहुली. नाक घासतो तुझ्या पायरीवर."

"नाक नको. पायरी मला पुसावी लागंल."

"मग काय पायजे तुला?"

ठमाबाई म्हातारीच्या कपाळाला पावडर लावत होती. तिनं ब्रश झटकला.

"दाखवते की. पन बाहुली जड हाय, ओटीवरून एकटीला उचलत न्हाय. चार खांदेकरी घेऊन या. गावातले पायजेत, नाक्यावरचे नको."

चांगदेव गावाकडं वळला. ओटीवरून सगळं दिसत होतं. विनेशच्या दारात गेला, विनेशनं दार लावलं. रतन अंगणात लाकडं फोडत होता, तो कुऱ्हाड टाकून आत गेला. देवळाशी पोरं बसली होती, ती उठून पांगली. चांगदेव मध्येच रस्त्यात थांबला, एका दाराकडं बघितलं, मग दुसऱ्या.

ठमाबाई आत गेली. बाजेखालचं लुगडं सोडलं, बाहुली काखेत घालून एकटीनंच बाहेर आणली आणि खुर्चीवर बसवली, या वेळी तोंड रस्त्याकडं करून. मग कपात चहा ओतला.